शेक न लागणारं कातडं

१९५३ सालच्या भाद्रपदात, दुर्गापूजेला तीन आठवडे राहिले असताना, दिगंबर सबनीसच्या जुन्या कोंग्याचं पोट उकललं.

कोंगा म्हणजे कमरेएवढा उंच लाकडी ढोल. वरच्या तोंडाला जाड कातडं, खाली मोकळा, आणि वाजवायचा तो नुसत्या हातांनी. त्या वर्षांत कलकत्त्याच्या हॉटेलांना रुंबाच्या नाचाचं वेड लागलं होतं आणि दिगंबर चौरंगी रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या बँडमध्ये कोंग्यांचा जोड वाजवायचा. त्याचा जन्म कलकत्त्याचाच. वडील रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून आले आणि इथलेच झाले. लहानपणापासून दिगंबर तबला शिकला होता, म्हणून गणेशोत्सवात भेटणारी मराठी मंडळी त्याला हळहळून म्हणायची, "एवढा हात, आणि साहेबांपुढे ढोल बडवतोस?" तो हसायचा. हातांवर पोट असलेला माणूस हात जपतो. दिगंबर कधी कुणाशी भांडणात पडला नव्हता.

"नवा जोड बघ," बँडचा म्होरक्या लॉरेन्स म्हणाला. हा गोव्याचा, ट्रम्पेट वाजवणारा, मोठ्या पोटाचा आणि मोठ्या मनाचा. मंगळवारी सकाळी दोघे खिदिरपूरला गेले.

गोदीच्या भिंतीला लागून श्यामापद कर्मकाराचं दुकान होतं. बोटींवरचे कंदील, दोरखंडांची भेंडोळी, पितळी घंटा, कुणा खलाशाचा अकॉर्डियन. मागच्या अंधाऱ्या खोलीत सहा कोंगे उभे होते, वेस्ट इंडीजकडून आलेल्या एका बोटीतून उतरवलेले. हवा इतकी ओली होती की सगळ्यांची कातडी सैल पडली होती. श्यामापदने लोखंडी पाटीत निखारे घालून ठेवले होते; एकेक कोंगा त्यावर धरून तो शेकून द्यायचा.

दिगंबरने घाई केली नाही. आधी लाकूड ऐकायचं, ही वडिलांची शिकवण. बोटाच्या पेराने तो एकेका फळीवर टकटक करत गेला. कोंगा उचलून खालून आत पाहिलं, सांध्यांतून उजेड येतो का ते बघायला. कातड्यावर अंगठा फिरवला, वास घेतला. मग वाजवलं: मधोमध तळव्याचा घुमारा, काठावर बोटांचा मोकळा सूर, शेवटी सपकन थापटी. पहिल्याला कीड लागली होती. दुसऱ्याचं कातडं एका बाजूला पातळ. तिसरा आणि चौथा बरे होते, पण मुके. पाचवा, पिवळसर लाकडाचा, मात्र छान बोलला.

"वरच्या सुराला हा ठरला," तो म्हणाला. "आता याला खालचा जोडीदार."

लॉरेन्स टॅक्सी बघायला बाहेर गेला. दिगंबर सहाव्याकडे वळला. तो काळपट होता, भिंतीकडे तोंड करून ठेवल्यासारखा कोपऱ्यात उभा. कातड्यावर बोट टेकवताच दिगंबर चकित झाला. ते ताणलेलं होतं, आणि उबदार.

"हा आधी शेकलात?"

"त्याला शेक लागत नाही, बाबू," श्यामापद म्हणाला. "नेऊन वाजवा. इथे नको."

"न ऐकता कसा नेऊ?"

श्यामापद निखाऱ्यांच्या पाटीमागे सरकला.

दिगंबरने तळवा टाकला. आवाज कानाला नंतर आला, आधी घोट्यांना कळला. त्याने पुन्हा टाकला. मग काठावर, मग थापटी. इतका भरलेला, इतका आज्ञाधारक आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. मागितलेलं सगळं तो देत होता. दिगंबरने डोळे मिटले.

उघडले तेव्हा श्यामापद भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याचा चष्मा लांब पडला होता आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ हनुवटीवर आला होता. पान खाणारा दिसतो, दिगंबरच्या मनात आलं.

"पुरे झालं?" श्यामापदने अगदी हळू विचारलं.

"हाच घेतो."

"घेऊन जा."

टॅक्सी निघेपर्यंत तो जागचा उठला नाही. वाटेत दिगंबरचे तळहात चुरचुरत होते. नवं कातडं, पहिल्या दिवशी असं होतंच.

बालीगंजला दुसऱ्या मजल्यावर त्याचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. गुरुवारी दुपारी त्याचा मावसभाऊ श्यामकांत जेवायला यायचा होता. बँकेत अधिकारी असलेला श्यामकांत महिन्यापूर्वीच मुंबईहून बदलून आला होता. लहानपणच्या सुट्ट्या दोघांनी एकत्र काढलेल्या. दिगंबर तबल्यावर, श्यामकांत पेटीवर. मीनाक्षी, दिगंबरची बायको, स्वयंपाकघरात कोशिंबिरीसाठी दाणे कुटायला बसली होती. तेवढ्या वेळात हात साफ करावा म्हणून दिगंबरने बाहेरच्या खोलीत जोड मांडला.

काळ्या कोंग्यावर चार ठोके पडले आणि आतला बत्ता ठेक्यात पडू लागला. दिगंबरला गंमत वाटली. त्याने लय वाढवली, बत्त्यानेही वाढवली. बायको सोबत करते आहे या कौतुकात त्याने डोळे मिटले आणि हात सैल सोडले.

दाराची घंटा वाजली तेव्हा तो भानावर आला. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होता. इथे केव्हा आलो, हे त्याला आठवेना. बत्ता थांबला म्हणून बघायला उठलो असेन, असं त्याने धरलं.

मीनाक्षी भिंतीला पाठ लावून बसली होती. लोखंडी खल आडवा झाला होता, आणि दाण्यांचं कूट फरशीवर सांडून लाल झालं होतं. तिच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर चपटं झालं होतं. नख कुठे दिसत नव्हतं. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. नुसती दिगंबरकडे बघत होती.

लोटलेलं दार ढकलून श्यामकांतच आत धावला. "वहिनी! अहो, हे काय झालं?"

"माझंच लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेर काढून टाकलं. दिगंबर दवाखान्याच्या बाकावर लहान पोरासारखा रडला, आणि श्यामकांत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

शनिवारी सकाळी मीनाक्षी म्हणाली, "अहो, तो काळा घरात ठेवू नका."

"का गं?"

तिने पट्टी बांधलेला हात पदराखाली घेतला. "नको वाटतो," एवढंच म्हणाली.

त्याने त्याच दिवशी जोड हॉटेलात नेऊन ठेवला.

रविवारी दुपारी चार वाजता हॉटेलात चहा आणि नाच असायचा. ताग कंपन्यांतले साहेब, त्यांच्या बायका, काही बंगाली बॅरिस्टर, फोर्ट विल्यमचे दोन-तीन लष्करी अधिकारी. पुढच्या टेबलाशी श्यामकांत बसला होता, नव्या टायमध्ये अवघडून. दिगंबरला हॉटेलात वाजवताना तो पहिल्यांदाच ऐकणार होता. त्याने लांबूनच हात वर केला. "दिगू, जोरात होऊ दे!" तो मराठीत ओरडला, आणि शेजारच्या मडमेने वळून पाहिलं.

पहिलं गाणं नीट पार पडलं. दुसरं रुंबाचं होतं. काळ्या कोंग्याचा आवाज लाकडी फरशीवरून पसरला आणि नाचणाऱ्यांची पावलं आपोआप त्याच्या मापात आली. लॉरेन्सने ट्रम्पेट खाली घेऊन कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. दिगंबरने डोळे मिटले.

पुढचं त्याला फार चांगलं आठवत होतं. तसं त्याने आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. हात दुखत नव्हते. घुमारा, काठ, थापटी. घुमारा, काठ, थापटी. कातडं तळव्याखाली गरम आणि ओलसर होत गेलं, जास्त जास्त मऊ होत गेलं, तरी त्यातून हवा तो सूर निघत होता. लोक ओरडत होते. दाद द्यायची ही गोऱ्यांची तऱ्हा, असं त्याला वाटलं. कुणीतरी त्याचं नाव घेत होतं. मग नाव घेणं थांबलं. त्याने लय दुप्पट केली.

मागून कुणीतरी त्याच्या काखेत हात घातले. दुसऱ्याने मान आवळली. त्याने चिडून डोळे उघडले.

समोर कोंगा नव्हता.

तो गुडघ्यांवर बसला होता, नाचाच्या फरशीवर.

त्याच्याखाली नवा टाय होता. टायच्या वर जे होतं, त्याला चेहरा म्हणता येत नव्हतं.

श्यामकांत ॲम्ब्युलन्स येण्याआधीच गेला.

पोलिस येईपर्यंत दिगंबरला भांड्यांच्या खोलीत बसवलं होतं. दाराशी तीन बेअरे उभे. लॉरेन्स आत आला.

"मी वाजवत होतो," दिगंबर म्हणाला. "लॉरेन्स, तू बघत होतास. मी वाजवत होतो."

"दुसरं गाणं सुरू झालं आणि तू पायऱ्या उतरलास. मला वाटलं, पाणी प्यायला चाललास. मग तू त्याच्या टेबलाशी गेलास. त्याने हसून तुला खुर्ची दिली." लॉरेन्सने तोंडावर हात दाबला. "उघड्या तळव्यांनी, दिगंबर. आठ जण लागले तुला सोडवायला."

"मग कोंगा कोण वाजवत होतं?"

"कुणी नाही," लॉरेन्स म्हणाला. "पण आम्ही सगळ्यांनी ऐकला. म्हणून तर आम्हांला इतका उशीर झाला. कुणाच्या लक्षातच येईना. सूर इतका सुंदर लागला होता."

सोमवारी सकाळी मीनाक्षी ठाण्यावर आली. इन्स्पेक्टर वयस्क बंगाली गृहस्थ होता. त्याने तिला बसायला लाकडी खुर्ची दिली, दिगंबरची बेडी काढायला लावली आणि जबानी टाइप करायला शेजारच्या खोलीत गेला. मधलं दार त्याने उघडंच ठेवलं. हॉटेलातून जप्त केलेला काळा कोंगा त्याच खोलीत ठेवला होता. पंख्याचा वारा तिथपर्यंत पोचत नव्हता. दिगंबरच्या दोन्ही हातांना बोटांच्या टोकांपर्यंत पट्ट्या गुंडाळल्या होत्या. तळव्यांची हाडं तडकली होती.

"खाऊन घ्या," ती म्हणाली. तिने डबा आणला होता. तो तिने उघडला नाही.

"मीनाक्षी, मी त्याला मारलं असं म्हणतात."

"हो."

"तुला खरं वाटतं?"

तिने पदराखालचा डावा हात बाहेर काढून मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी मी कुटत नव्हते," ती म्हणाली. "तुम्ही आलात, माझं मनगट धरलंत आणि बत्ता उचललात. डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर इतका आनंद होता. मी तीनदा हाक मारली तुम्हांला."

दिगंबर म्हणाला, "मला सांगितलं का नाहीस?"

"बाहेरच्या खोलीत कोंगा वाजत होता," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासमोर बसलेले, आणि बाहेर तुमचा हात चाललेला. तो मी बारा वर्षं ऐकते आहे, मला ओळखू येतो. मला वाटलं, वेड मला लागलंय. आणि दवाखान्यात तुम्ही इतके रडत होतात..." तिने डबा बाजूला ठेवला. "मी बोलले असते तर श्यामकांतभावजी त्या हॉटेलात गेले नसते."

दिगंबरने मान खाली घातली. शेजारच्या खोलीत टाइपरायटरची टकटक चालू होती. संथ, दोन बोटांनी टाइप करणाऱ्याची. त्या आवाजाचा त्याला थोडा आधार वाटला. कागद, शाई, कलमं, तारीख. सरळ जगातल्या गोष्टी.

मग टकटक ठेक्यात आली.

जड, हलकी, सपकन. जड, हलकी, सपकन.

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. पट्ट्यांतले हात मांडीवर पडले होते. ते हलत नव्हते.

मीनाक्षीनेही ऐकलं होतं. ती खुर्चीवरून हळूच उठली आणि भिंतीशी सरकली. दिगंबरने मान वळवून उघड्या दारातून आत पाहिलं. टेबल दिसत होतं, त्यावरचा टाइपरायटर दिसत होता. त्याच्या कळा भराभर खालीवर होत होत्या.

इन्स्पेक्टरच्या खुर्चीत कुणी नव्हतं.