मागचं डावं चाक

खर्र... खर्र... मुलुंडहून निघालं की पहिल्याच वळणाला आवाज सुरू व्हायचा. मागचं डावं चाक आतल्या पत्र्याला घासायचं. फियाटच्या आधीच्या मालकाने शौकाने रुंद टायर चढवले होते. नवे चार घ्यायचे तर नंदकिशोरचा दोन महिन्यांचा पगार गेला असता. त्यापेक्षा चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये रिंग घालून चाकच जरा बाहेर काढावं, हा उपाय स्वस्तातला होता.

पण स्वस्त म्हणजे काहीही नव्हे. गॅरेजवाला म्हणाला, "चार-चार वॉशर घाला, झालं काम." कुर्ल्याच्या भंगार बाजारात ओतीव अल्युमिनियमच्या रिंगांची जोडी चाळीस रुपयांत मिळत होती. नंदकिशोरने ती उन्हात धरली, तर केसाएवढी भेग दिसली. भांडुपच्या कारखान्यात माल तपासण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. मोजमापाचा कॅलिपर खिशात ठेवूनच तो घराबाहेर पडे. "माझ्यापेक्षा त्या कॅलिपरवर तुमचा जास्त भरवसा," असं मृणालिनी चिडवायची.

चिडवायची म्हणजे पूर्वी. ब्याऐंशी सालापूर्वी.

त्या वर्षी तिला कळा सुरू झाल्या तेव्हा टॅक्सी मिळायलाच पाऊण तास गेला, आणि मिळाली ती रेल्वे फाटकात अडकली. मुलगी टॅक्सीतच झाली, मागच्या सीटवर, डावीकडे. ती रडली नाही. तिचं नाव ठेवायचा प्रश्नच आला नाही. बारशाआधी गेलेल्या मुलाला कोण नाव ठेवतं? आता शहाऐंशी साल उजाडलं होतं आणि मृणालिनीला पुन्हा आठवा महिना लागला होता. या वेळी टॅक्सीची वाट बघायची नाही, असं ठरवूनच नंदकिशोरने ही जुनी फियाट घेतली होती. चेंबूरच्या इस्पितळात तिला सुखरूप पोचवायचं, एवढ्यासाठीच ती गाडी होती.

शेवटी कारखान्यातल्या एकाने दत्तारामचं नाव सुचवलं. भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी त्याची लेथची शेड होती. मूळचा मालवणकडचा, गिरणीतून सुटलेला, बोलायला फटकळ पण कामाला चोख. त्याने फियाटचं चाक उतरवलं, हब मोजला आणि म्हणाला, "रिंग पोलादाची करतंय. हबावर घट्ट बसाक व्हयी, हलता कामा नये. आणि नट सात आटे तरी फिराक व्हयो. सातापेक्षा कमी झाले तर चाक रस्त्यात निघून जातला. कळला?"

नंदकिशोरला हा माणूस एकदम पटला. सहा मिलिमीटरची जोडी ऐंशी रुपयांत तयार झाली. त्याने स्वतः कॅलिपर लावून बघितलं. कुठे केसाचाही फरक नव्हता. भांडुपहून घरी येईपर्यंत चाकाचा आवाज नाही.

रविवारी मृणालिनीला तपासणीसाठी न्यायचं होतं. तिने नेहमीसारखं आधी मागचं डावं दार उघडलं, क्षणभर थांबली, दार लावलं आणि मग पुढे येऊन बसली. ही तिची सवयच होती. पर्स ठेवत असेल, असं नंदकिशोर समजायचा. पर्स तर तिच्या मांडीवर होती, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पहिल्याच वळणाला आवाज आला. खर्र...

दुसऱ्या दिवशी तो दत्तारामकडे परत गेला. गाडी सपाट उभी होती. फटीत दोन बोटं सहज जात होती. "माझ्या रिंगेत खोट नाय," दत्ताराम म्हणाला. चाकावरची स्प्रिंगची कमान नरम झाली असेल म्हणून त्यांनी डावी कमान उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवून पाहिली. दत्तारामने रिंगही नऊ मिलिमीटरची करून दिली. एकटा असताना गाडी गपगार. मृणालिनी बसली की डावीकडेच घासायची.

"त्येंका घेऊन या," दत्ताराम शेवटी म्हणाला. "भरली गाडी बघल्याशिवाय माका काय समजाचा नाय."

शनिवारी दुपारी ते तिघे शेडबाहेर उभे होते. मृणालिनी उतरून सावलीत उभी राहिली. गाडी रिकामी होती, तरीही तिचा मागचा डावा कोपरा बोटभर खाली होता. दत्ताराम उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. मग उठून त्याने डिकी उघडली. आत एकच स्टेपनी होती.

"एका चाकाएवढा वजन जास्त आसा," तो म्हणाला. "चौदा-पंधरा किलो. साहेब, मागे कोण बसता?"

"कोणी नाही."

मृणालिनी पुढे आली, मागचं डावं दार उघडलं आणि उघडं धरून उभी राहिली. मोठ्या माणसासाठी धरतात तसं नव्हे, जरा वाकून.

कमान करकरली. कोपरा बोटभर वर आला.

दत्तारामने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग तो हळू आवाजात फक्त नंदकिशोरला म्हणाला, "ह्याच्यापुढे रिंग जाड करूची नाय. नायतर नट चारच आटे धरतलो. पोटुशी बाई बसतली त्या गाडयेत." त्या दिवसाचे पैसे त्याने घेतले नाहीत.

परतताना सबंध रस्ताभर खर्र चालू होती. चार वर्षांची मुलगी किती वजनाची असते, हा विचार नंदकिशोरने मनातून हुसकून लावला. टायर घासून घासून फुटला तर? तोही नेमका त्या दिवशी? त्याला तपासनिसाचं उत्तर सापडलं. भार कमी होत नसेल, तर भाराची जागाच काढून टाकायची.

आठवडाभराने सकाळी नऊला कळा सुरू झाल्या. मृणालिनी आत साडी बदलत होती तेवढ्यात नंदकिशोरने खाली जाऊन गाडीची मागची अख्खी सीट उपसली आणि जिन्याखाली ठेवली. मृणालिनी खाली आली. तिने सवयीने मागचं दार उघडलं.

आत नुसता पत्रा होता.

"हे काय केलंत?"

"वजन कमी केलं. बस लवकर."

ती त्याच्याकडे बघत राहिली. कळ आली तशी तिने डोळे मिटले, पोटावर दोन्ही हात ठेवले आणि पुढे बसली.

मुलुंड ते चेंबूर, एकदाही आवाज नाही. फाटक उघडं होतं, वळणं सुरळीत गेली, नट सातही आट्यांवर पक्के. दुपारी मुलगा झाला. खणखणीत रडला. नंदकिशोर इस्पितळाच्या पायरीवर बसला आणि चार वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणाने रडला. नर्सने वजन सांगितलं, तीन किलो.

पाचव्या दिवशी त्याने सीट परत बसवली आणि दोघांना आणायला गेला. मृणालिनीने मागचं दार उघडलं नाही. बाळाला घेऊन ती सरळ पुढे बसली. त्याने उतरून मागच्या चाकाची फट पाहिली. दोन बोटं सहज जात होती. सुटलो, असं त्याला वाटलं.

घरापाशी उतरताना तिने बाळ त्याच्याकडे दिलं. "धरा. दोन्ही हातांनी."

त्याचे हात एकदम खाली गेले.

त्याने महिनाभर तेच चाक चढवलं-उतरवलं होतं. हे वजन त्याच्या हातांच्या ओळखीचं होतं.

दुपट्यातून मुलगा त्याच्याकडे टक लावून बघत होता.

मृणालिनी पदर सावरत म्हणाली, "तुम्ही सीट काढलीत. मग ती बसणार कुठे होती?"