नुसत्या पाण्याची रेघ

भाजीचा थेंब पट्टीवर टाकायचा, लॅपटॉपवरची रेघ सपाट राहिली की मगच घास स्पृहाच्या तोंडात. कोथरूडच्या त्या स्वयंपाकघरात हे भांडी घासण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. पट्टी नम्रताने स्वतःच्या प्रयोगशाळेत बनवली होती. कार्बनच्या इलेक्ट्रोडवर सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण, आणि त्या कणांवर बसवलेली स्पृहाच्या रक्तातली प्रथिनं, शेंगदाण्याचा अंश लागला की चवताळणारी. चिमूटभर कुटाने मुलीचा घसा एकदा बंद होता होता राहिला होता. आणि पुण्यात कूट कशात नसतो?

"आम्ही पोरं वाढवली ती काय तारा जोडून?" सासूबाई विचारायच्या. नम्रता पुढचा थेंब टाकत असे. लक्ष ठेवत असे.

त्या सकाळी तिने नेहमीसारखा आधी नुसत्या पाण्याचा थेंब टाकला. रेघ उसळली.

पट्टी बदलली, हात खसाखसा धुतले, हातमोजे चढवले. पुन्हा तेच. मग इंद्रजीतला, नवऱ्याला, थेंब टाकायला लावला. सपाट. सासूबाईंनी मुद्दाम बोट बुडवलं. तरी सपाट. नम्रता बघायला वाकली आणि रेघ चढू लागली. तिने मान फिरवली.

"उतरली," इंद्रजीत म्हणाला.

दुपारी स्पृहा झोपली होती. नम्रता दारातूनच तिच्याकडे बघत राहिली. जिथे तिची नजर होती तिथे, कानामागे, गोऱ्या मानेवर, लालभडक गांधी उठल्या. नजर खांद्यावर गेली. गांधीही खांद्यावर उतरल्या.

सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. "परक्याची लागली तर उतरते," त्या थंडपणे म्हणाल्या, "आईच्या नजरेला काय ओवाळायचं?"

चार दिवस ताईकडे हडपसरला जा, असं इंद्रजीतने सुचवलं. सुचवताना तो मुलीसमोर आडवा उभा होता.

ताईकडे पोचते न पोचते तोच त्याने व्हिडिओ पाठवला. आजीच्या मांडीवर स्पृहा, हातात शेंगदाण्याचा अर्धा खाल्लेला लाडू. "बघ, काहीही झालं नाही," कॅमेऱ्यामागून इंद्रजीत म्हणत होता. त्याच्या आवाजातला सुटकेचा भाव लपत नव्हता. मागे टेबलावर लॅपटॉप, जोडलेल्या पट्टीवर लाडवाचा चुरा, रेघ सपाट. लेक खिदळत होती. नम्रतासमोर ती अशी कधी खिदळली नव्हती.

नम्रताने व्हिडिओ परत लावला. रेघ जराशी उचललेली होती.

परत लावला. स्पृहा खिदळत नव्हती. मान खाजवत होती.

तिने फोन पलंगावर पालथा घातला.

व्हिडिओ केव्हाच संपला असणार. तरी फोनखालून घोगरा आवाज आला.

"आई, बघू नकोस ना."

मग नुसती घरघर. मग तीही थांबली.

काय झालं ते बघायला नम्रताने फोन सरळ केला.