संत्र्याच्या सालीची पुरचुंडी

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण त्या वाडग्यात जे निघालं, ते मी माझ्या या हातात धरलंय.

दहा महिने झाले. रात्र नव्हती, अंधार नव्हता. दुपारचे साडेतीन, लख्ख ऊन.

माझी ताई शाळेचे गणवेश शिवते. कापड घ्यायला आम्ही परगावी गेलो होतो. ती पारखी, मी हमाल. परतीच्या बसला अवकाश होता, म्हणून स्टँडबाहेरच्या गाडीवर सूप घेतलं. गाडीवर एक बाई. मागे पत्र्याची खोली, दाराला पडदा.

पहिल्याच घोटाला ताई थांबली.

"बारक्या... चव बघ."

मी बघितली. ओळखीची चव.

चमच्याला काहीतरी अडकलं...

संत्र्याची साल. आत लवंगा. वरून निळ्या दोऱ्याने बांधलेली.

आमची आई सूपमध्ये अशीच पुरचुंडी सोडायची. कुणाला म्हणून सांगायची नाही.

आईला जाऊन सहा वर्षं झालीत.

ताईने ती गाठ बोटांत फिरवली. शिवणकाम तिला आईनेच शिकवलेलं.

"ही आईची गाठ आहे."

"कुणीही मारेल गं अशी."

"मला अजून जमत नाही, बारक्या."

मी त्या बाईंना विचारलं, "मावशी, सूप कुणी केलंय?"

"आत आहेत ना त्या. सकाळीच आल्या. म्हणाल्या, आज माझी मुलं यायचीत जेवायला."

समोरून गाड्या जात होत्या... पण मला एकाही गाडीचा आवाज येईना.

मी हात धरेपर्यंत ताई पडद्याआड गेली.

आत भांडं वाजलं. मग कुजबुज...

मग काहीच नाही.

मी पडदा सारला. ताई एकटीच उभी होती. दुसरं दार नाही, खिडकी नाही. शेगडी पेटलेली. ओट्यावर अर्धं सोललेलं संत्रं.

बसने परतलो. तिच्या घरी गठ्ठे उतरवले, तेव्हा म्हणाली, "तिने विचारलं, दोघांपैकी कोण येतंय माझ्यासोबत? मी म्हटलं, आत्ता नको."

"मग?"

"म्हणाली, बरं. पण नाव सांगून ठेव."



"कुणाचं सांगितलंस, ताई?"

तिने मशीन सुरू केलं. मान वर केलीच नाही.

अजूनही सांगत नाही. पूर्वी महिना महिना तिचा फोन नसायचा. आता रोज सकाळी येतो...

"बरा आहेस ना रे?"