ऊब लागल्यावर

ओवी इंगोलेला दुसऱ्या दिवशी सकाळी उठवायचं होतं. त्यासाठी शीतगृहातल्या सगळ्या यंत्रांची पुन्हा एकदा तपासणी झाली आणि पुन्हा एकदा कशातच दोष निघाला नाही. हर्षदा काळमेघने अहवाल वाचला आणि सही न करता बाजूला ठेवला. यंत्रांची जबाबदारी तिची होती. गेल्या वर्षीही अहवाल असाच निर्दोष होता, आणि शैलेश, तिचा नवरा, निद्रापेटीतून उठला नव्हता.

अमरावतीजवळच्या या संस्थेत असाध्य रोग्यांना शीतनिद्रेत ठेवत. रोगावर औषध निघालं की शरीर हळूहळू कोमट करून त्यांना उठवायचं. कोमट रक्त फिरवण्याचं काम पंप करी. अर्ध्या वाटेवर हृदय आपणहून धडधडू लागे, पण इतकं दुबळं की नाडी हाताला लागत नसे. ते ठोके टिपण्यासाठी पाठीखाली स्पंदवेध बसवलेला असे. वेधाला ठोके मिळेनासे झाले, तर रक्तात गाठी होऊन हृदय बंद पडलं असं धरायचं. पंप चालू राहिला तर त्या गाठी मेंदूत जातील, म्हणून यंत्र पंप आपणच थांबवी.

शैलेशचे ठोके एकतीस अंशांवर थांबले. यंत्राने पंप थांबवला. झाकण उघडलं, शीतगृहाची गार हवा पेटीत शिरली, आणि थोड्या वेळाने पडद्यावरची सरळ रेघ थरथरली. हर्षदाने ते पाहिलं होतं. डॉक्टर पंकज ढोले, शैलेशचा कॉलेजपासूनचा मित्र, तिच्याजवळ उभा होता. ‘तो नुसता विजेचा गोंधळ आहे, वहिनी,’ असं म्हणून त्याने पडदा बंद केला होता.

दुपारी ओवीची आई, रंजनाताई, बडनेऱ्याला उतरणार होत्या. संस्थेच्या दोन्ही गाड्या चार्जिंगला लागलेल्या, म्हणून हर्षदाने शैलेशची जुनी पेट्रोलची गाडी काढली. पंकजही सोबत निघाला. त्या गाडीला एक खोड होती. इंजिन तापलं की चालता चालता बंद पडायची आणि निवल्यावर मुकाट्याने सुरू व्हायची. पेट्रोलचा पंप बदलून झाला, कॉइल बदलून झाली. गॅरेजमध्ये तपासायला घेईपर्यंत ती निवलेली असे आणि मग गुणी बाळासारखी चाले. विकून टाक, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं.

परतताना भर उन्हात ती बंद पडली.

मागच्या सीटवर रंजनाताई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत ओवीचे सहा वर्षांपूर्वीचे कपडे होते. झोपेत पोरगी वाढली तर नसेल ना, असं त्यांनी स्टेशनपासून दोनदा विचारलं होतं. हर्षदाने तिसऱ्यांदा किल्ली फिरवली, तेव्हा त्या म्हणाल्या, “गाडी चालू करता येत नाही तुमाले, अन् माही पोरगी उठवान तुमी?”

पंकज हसला. हर्षदा हसली नाही. ती समोरच्या काट्याकडे बघत होती.

“भाऊजी, स्टार्टर इंजिन फिरवतोय ना?”

“आवाज तर येतोय.”

“मग फेऱ्यांचा काटा शून्यावर का आहे?”

तिने उतरून बॉनेट उघडलं आणि कळेल अशा भाषेत पंकजला सांगितलं. इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा एक सेन्सर असतो. त्याच्या आत तारेचं वेटोळं असतं. त्या तारेला बारीकशी चीर गेली असणार. गार असताना टोकं जुळलेली राहतात, तापली की फाकतात, आणि सेन्सर मुका होतो.

“पण सेन्सर मुका झाला म्हणून इंजिन का थांबावं?” पंकजने विचारलं.

“ते चांगलं फिरत असतं. संगणकाला वाटतं, थांबलं. थांबलेल्या इंजिनाला पेट्रोल कशाला, म्हणून तो पेट्रोल तोडतो. मग ते खरंच थांबतं.”

रंजनाताईंनी पाण्याची बाटली पुढे केली. हर्षदाने सेन्सरवर पाण्याची धार सोडली, जराशी वाट पाहिली आणि किल्ली फिरवली. काटा उचलला गेला. गाडी सुरू झाली.

“तहानली होती बिचारी,” रंजनाताई म्हणाल्या.

हर्षदाने गिअर टाकला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती बसून राहिली.

“भाऊजी, आपण स्पंदवेध कुठे तपासतो?”

“शीतगृहातच. गार असतानाच,” पंकज म्हणाला.

रंजनाताईंना पाहुण्यांच्या खोलीत बसवून दोघं शीतगृहात उतरले. शैलेशच्या पेटीतला वेध अजून कपाटात होता. तीनदा निर्दोष ठरलेला. पंकजने शर्ट काढला आणि वेध स्वतःच्या छातीला बांधला. पडद्यावर त्याचे ठोके उमटू लागले, नीट आणि एकसारखे. हर्षदाने केस वाळवायचं यंत्र वेधावर धरलं. अंश चढत गेले. एकतिसाला रेघ सपाट झाली.

पंकज समोर उभा होता, श्वास घेत होता. यंत्राच्या लेखी तो मेला होता.

तिने गरम हवा बंद केली. शीतगृहाच्या गारव्यात वेध निवू लागला. थोड्या वेळाने रेघ थरथरली, पुन्हा थरथरली, आणि ठोके परत आले. ती थरथर हर्षदाने याआधी एकदाच, शैलेशच्या पडद्यावर, पाहिली होती. तार निवून जुळली की आत जे चालू असेल तेच पडद्यावर दिसतं. आत काही चालू नसेल, तर रेघ सपाटच राहते.

पंकजही रेघेकडेच बघत होता. त्याचे ठोके भराभर पडू लागले आणि पडद्यावर ते दिसत होते.

“वहिनी,” तो म्हणाला, “त्या दिवशी मी...”

“ओवीच्या पेटीत नवा वेध बसवा,” हर्षदा म्हणाली. “कोमट करून तपासलेला. दुसरा बाहेरून लावा. आणि पंप थांबवायचा झाला तर माणसाने थांबवायचा. यंत्राने नाही.”

त्याने मान डोलावली. छातीवरचा पट्टा सोडवावा की नाही हे त्याला कळेना. शेवटी सवयीने त्याचा हात पडद्याच्या बटणाकडे गेला.

“राहू द्या, भाऊजी,” ती म्हणाली. “आज बंद करू नका.”