तानबाच्या गव्हाणीतला पाळणा

दिवा जरा इकडे सरकव, सांगतो. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण ही एक गोष्ट कुठे ठेवावी ते मला अजून कळलेलं नाही.

साल सत्तावन्न. मी तेव्हा आर्वीच्या एका कापसाच्या जिनात मुकादम होतो. पोळ्यानंतर आमचा दोन वर्षांचा लहानू गोवरात गेला आणि त्या दिवसापासून माझी शोभा रडलीच नाही. डोळ्यांत टिपूस नाही, तोंडात शब्द नाही. दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली होती, "हिले रडवा भाऊ, नाईतर बाई हातची जाईन." मी काय कमी केलं? माहेरी नेलं, जत्रा दाखवली. एकदा तर चिडून ओरडलो, त्याची लाज अजून वाटते.

नाताळच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, तिला गावाबाहेरच्या जुन्या दगडी चर्चमध्ये घेऊन गेलो, गव्हाणी पाहायला. इंग्रजांच्या वेळची इमारत, आत मेणाचा आणि ओल्या चुन्याचा वास. तिथली ख्रिस्ती घरं येशूजन्माचा देखावा आपापल्या हातानं करून मांडत. दहा-बारा असतील. कोणाचा गोठा मातीचा, कोणाचा कडब्याचा. मेंढपाळांना धोतरं आणि बर्फ म्हणून सगळीकडे आमच्याच जिनातला कापूस! बाळ मात्र एकाही गोठ्यात नव्हतं. संध्याकाळची घंटा झाली की प्रत्येक घर आपलं बाळ आणून ठेवी, तोवर जागा रिकामी ठेवायची रीत होती.

तानबा सुताराच्या देखाव्यात गव्हाणच नव्हती. तिथे वीतभर लांबीचा लाकडी पाळणा टांगला होता. मला हसू आलं.

"गाईढोराच्या उष्ट्यात कोनी लेकरू ठेवते का जी?" तानबा म्हणाला. "पाद्रीसायेब हासले, पन राहू देलं."

"मस्त केलं गड्या," म्हणत मी बोटानं पाळण्याला झोका दिला. तानबानं झटकन माझा हात धरला.

"रिकामा पाळना हालवू नाई, भाऊ..."

दोन-चार झोक्यांत तो थांबायला हवा होता. थांबला नाही. एका लयीत झुलत राहिला. मघा सैल असलेल्या दोऱ्या ताणल्या, कडी कुरकुरू लागली. दारं बंद होती, मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ उभ्या होत्या. आणि वास आला... वेखंडाचा, दुधाचा.

शोभा पुढे झाली. "उठला हाये," ती हळूच म्हणाली. चार महिन्यांतला तो पहिला शब्द. तिनं पाळण्याच्या कडेला बोट लावलं आणि गुणगुणू लागली. झोके लहान लहान होत थांबले.

तेवढ्यात घंटा झाली. तानबाची बायको धुरपता फडक्यात गुंडाळलेलं मातीचं बाळ घेऊन आली. तानबानं ते मापानं केलं होतं, सकाळीच पाळण्यात ठेवून पाहिलं होतं. आता ते बसेना. तिनं पुन्हा ठेवलं, पुन्हा वर आलं.

"आईकता का... खाली काईतरी कोवळं लागते..."

तानबा मागे सरला. शोभा मात्र पाळण्यावर वाकली आणि घरी अंथरुणात लहानूला म्हणायची तशीच म्हणाली, "सरक रे राजा जरासा... पाव्हना आला आपल्याकडे."

बाळ अलगद आत बसलं.

मग ती रडली. तिथेच फरशीवर बसून, माझं धोतर मुठीत धरून, पोटातून रडली. मीही रडलो. देवाशपथ सांगतो, इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. माझी बायको मला परत मिळाली होती.

निघताना मी तेवढं एकदा पाळण्यात डोकावलो. मातीचं बाळ एका कडेला निजलं होतं. शेजारचा कापूस दबलेला होता. आणि पाहता पाहता तो हळूच वर उचलला जाई, खाली बसे, पुन्हा वर उचलला जाई...