झेललेला पट्टा

जुनं घ्यावं की नवं, यावर तुम्ही मघापासून वाद घालताय आणि मी गप्प बसून ऐकतोय. माझं मत विचाराल तर जुनी सायकल घ्या, जुनं कपाट घ्या, जुना पलंगसुद्धा घ्या. ढेकूण निघाले तर निघाले. पण मोबाइलच्या टॉवरवर चढायचा पट्टा जुना घ्यायचा नाही, मग तो देणारा कितीही जवळचा असो. का ते सांगतो. दिवा राहू दे तसाच, एवढा उजेड पुरे आहे.

आपल्या टॉवरवाल्यांत एक जण होता. झरझर वर जायचा म्हणून सगळे त्याला खार म्हणायचे. चांगला दाढीमिशीवाला बाप्या, पण नाव पडलं ते पडलं. बायकोसुद्धा चिडली की त्याच नावानं हाक मारायची. मी तेव्हा माळावरच्या टॉवरखाली, जनरेटरच्या खोलीत राखणीला होतो. त्यानं मला सांगितलं ते आणि मी डोळ्यांनी पाहिलं ते, एवढंच सांगणार आहे. पदरचं काही घालत नाही.

पट्ट्याला मुदत असते, तुम्हाला शिकवलंच असेल. खारीच्या पट्ट्याची मुदत संपली होती आणि ठेकेदारानं बजावलं होतं की असला पट्टा घालून आलास तर आल्या पावली परत जायचं. म्हणून एका शनिवारी दुपारी खार दुकानात गेला. दुकानदारानं नवा कोरा पट्टा त्याच्या अंगावर चढवून दिला. मांड्यांतून दोन फेरे, छातीवर बकल, पाठीला कडी, कडीला दोन आकड्यांची दोरी. खार आरशासमोर उभा राहिला आणि जरा जास्तच वेळ उभा राहिला.

त्याचं कारण होतं. खार धाकटा. धाकट्याच्या नशिबी नवं काही नसतंच. दादाचा शर्ट, दादाची पुस्तकं, दादाचे बूट, तेही पुढे कापूस कोंबून. पण त्याची तक्रार नव्हती. बूट द्यायच्या आधी दादा ते स्वतः घासून चकचकीत करायचा, शर्टाची गुंडी तुटलेली असली तर लावून द्यायचा. बाप लवकर गेला, तेव्हापासून खारीला दादाच बाप. चढायलाही दादानंच शिकवलं. त्यामुळे किंमत ऐकल्यावर खार दुकानदाराला म्हणाला, उद्या येतो, आणि निघाला तो थेट दादाकडे, विचारायला.

दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, नवा कशाला, माझ्याकडे आहे की. पलंगाखालच्या पेटीतून चादरीत गुंडाळलेला पट्टा काढला. दोनदा वापरला असेल म्हणाला, मग चढणंच सोडलं, तेव्हापासून पडून आहे.

दादानं चढणं का सोडलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या टॉवरवर त्याचा जोडीदार गेला. जोडीदार वर, दादा खाली. पट्टा न घालताच चढला आणि पडला, असं दादानं सांगितलं, आणि तेच कागदावर आलं. स्वतःच्या निष्काळजीपणानं गेला म्हटल्यावर त्याच्या बायकोला कंपनीकडून काही मिळालं नाही. तो जोडीदार गमत्या होता. दादाला 'शेठ' म्हणायचा. दुसरं कुणी दादाला तसं म्हणत नसे. त्यानंतर दादानं टॉवरला हात लावला नाही, गोदामात नोकरी धरली. आम्हाला वाटायचं, माणूस मनानं किती हळवा.

आता पट्ट्याची गोष्ट नीट ऐका. पट्ट्याच्या दोरीत एक घडी घालून शिवलेली असते. माणूस सुटला की त्याच्या वजनानं तिचे टाके उसवत जातात आणि झटका कमी बसतो. म्हणजे ते टाके उसवण्यासाठीच असतात. एकदा उसवले की तो पट्टा झेललेला. झेललेला पट्टा दोरीसकट कापून टाकायचा, ही आपली रीत. तो कुणाला द्यायचा नाही, विकायचा नाही, घरात ठेवायचाही नाही.

खारीची बायको घरी शिवणकाम करायची. तिनं पट्टा मांडीवर घेतला, दोरी बोटांतून फिरवली आणि घडीपाशी थांबली.

"हे टाके कारखान्यातले नाहीत. हातानं घातलेत कुणीतरी."

"उंदरानं कुरतडलं होतं, म्हणून दादानं शिवून घेतलं. मला सांगितलंय त्यानं."

"आणि तारखेची चिठ्ठी?"

"टोचत होती म्हणून कापली."

"तुम्ही नवा घ्या," ती म्हणाली. "हवं तर माझी मशीन नंतर घेऊ."

खार चिडला. दादा मला फसवील का, म्हणाला. ज्यानं मला हाताला धरून वर नेलं, तो मला फसवील? बायकोनं पट्टा घडी करून ठेवून दिला. ठेकेदार तारीख बघणार म्हणून जुन्या पट्ट्याची चिठ्ठी काढून खारीनं या पट्ट्यावर चिकटवली, तारीख खोडून नीट केली. हा गाढवपणा त्याचा स्वतःचा. तोही सांगितला पाहिजे.

नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. रात्री साडेबाराला ठेकेदाराचा फोन आला की माळावरचा टॉवर बंद पडलाय, आसपासच्या चार गावांचे फोन गेलेत, आत्ताच्या आत्ता जा. खार मोटरसायकलवरून आला तेव्हा एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती. वारा नव्हता. कुत्रंही भुंकत नव्हतं. आम्ही दोन गोष्टी बोललो, त्यानं पट्टा चढवला, टोपीवरचा दिवा लावला. वर माणूस असला की खालच्यानं जागचं हलायचं नाही, म्हणून मी खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलो. मान वर करून त्याचा दिवा बघत होतो.

चाळीस मीटर. दोन वाजून दहा मिनिटांनी तो वर पोचला. दोन्ही आकडे लोखंडात अडकवले, पट्ट्यावर भार टाकून मागे रेलला आणि वायर तपासायला लागला. नेहमीचं काम. जोड सैल झाला होता. पाच मिनिटांचं काम.

मांड्यांतले फेरे आवळल्यासारखे वाटले.

बसायला चुकलो असेन, असं म्हणून तो जरा सरकला. फेरे आणखी आवळले. छातीवरचं बकल खाली ओढलं गेलं. त्यानं वर पाहिलं. दोरी ताणली होती. एका माणसाच्या वजनानं ताणते तेवढी नाही... त्याहून जास्त.

खारीनं हात थांबवले.

पट्ट्यात आणखी कुणीतरी होतं.

दिसत नव्हतं. पण पाठीला पाठ लागली होती. गार. आणि श्वास ऐकू येत होता. खूप वेळ ओरडून घसा बसलेल्या माणसाचा श्वास.

"शेठ... आलास?"

खारीनं एका हातानं लोखंड धरलं.

"किती वेळ लावलास रे..."

खाली मी बसलो होतो. मला फक्त दिवा दिसत होता. तो हलायचा थांबला होता.

"हाका मारल्या मी. खूप मारल्या... पाय बधिर झालेत. माझे मलाच कळत नाहीत..."

दोरी करकरली.

"उतरवतोस ना?"

मग खार बोलला. तो बोलल्याचं मी खालून ऐकलंय, शब्द कळले नाहीत, पण आवाज त्याचाच होता. तो म्हणाला, "मी शेठ नाही. मी त्याचा धाकटा भाऊ."

पाठीमागचा श्वास थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"पट्टा... तुला दिला त्यानं?"

खार मला म्हणाला होता, काका, त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याला माझी कीव आली होती.

"मी घातला होता," आवाज म्हणाला. "घरी सांग तिला... घातला होता."

टक्.

एक टाका गेला. मग दुसरा. हातानं घातलेले टाके, एकेक करून. आणि आत काय होतं ते खारीला दिव्यात दिसलं. उंदराचे दात नव्हते. कारखान्याचा जुना लाल दोरा होता. सगळा एका ओढीत उसवलेला...

आता पट्ट्यावर विसंबायचं की हातांवर? त्यानं लोखंडाला मिठी मारली. पाय अडकवले. एक आकडा सोडला. मग दुसरा. वजन गेलं, आणि तो चाळीस मीटर नुसत्या हातांनी उतरला.

खाली आला तेव्हा तळहात सोललेले होते. मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. पट्टा काढला, मोटरसायकलला बांधला. कुठं निघालास विचारलं, तर म्हणाला, दादाकडे. त्यानं हा शब्द कधी असा उच्चारला नव्हता. तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

पहाटे वहिनीनं दार उघडलं. दादा पलंगावर होता, कमरेपर्यंत चादर. खारीनं पट्टा त्याच्या उशाशी टाकला.

"तुझ्या जोडीदारानं विचारलंय, किती वेळ लावलास."

वहिनी एकदा याच्याकडे बघत होती, एकदा त्याच्याकडे. दादानं पट्ट्याची उसवलेली घडी चाचपली. मग त्यानं सांगितलं. नदीपलीकडे दुपारचं ऊन होतं. जोडीदार वर गेल्यावर दादा जेवायला म्हणून रस्त्यापलीकडे गेला. अर्ध्या तासासाठी. जेवण झालं आणि झाडाखाली डोळा लागला. जाग आली ती अडीच तासांनी. जोडीदाराचा पाय सटकला होता. पट्ट्यानं त्याला झेललं होतं, अगदी चोख झेललं होतं. फक्त त्याला उतरवायला खाली कुणी नव्हतं. पट्ट्यात तसं लटकलं की मांड्यांतलं रक्त अडतं, माणूस फार वेळ जगत नाही. दादा वर पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

"पट्ट्यात सापडला असता तर पहिला प्रश्न आला असता, खालचा माणूस कुठं होता," दादा म्हणाला. "म्हणून मी पट्टा काढला. आणि मग त्याला..."

ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही.

खारीला त्या क्षणी जोडीदाराचं काही वाटलं नाही, हे त्यानं मला कबूल केलंय. त्याच्या डोळ्यांपुढे बूट आले, घासून चकचकीत केलेले. आणि जन्मभर ज्या माणसाचं उतरलेलं अंगावर मिरवलं, त्यानं आपल्याला काय म्हणून धरलं, हे कळेना.

"मला का दिलास?"

"पक्का शिवून घेतला होता रे. दुहेरी टाके घातले होते."

"उसवलेली घडी कितीही शिवली तरी माणसाला झेलत नाही, हे मला तूच शिकवलंस."

दादानं चादर आणखी वर ओढली.

"उकिरड्यावर टाकला असता तर कुणी ओळखला असता. माझ्या अंगावर असला तर कुणी विचारणार नाही. आणि मी त्याच्यासकट खाली आलो असतो, तर पट्टाही गेला असता. असंच ना?"

दादानं हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. खार वाट बघत उभा राहिला. खोटं तरी बोलेल, एवढीच त्याची आशा उरली होती. अखेर दादा म्हणाला, "नवा घेऊन देतो तुला." खार पट्टा उचलून बाहेर पडला. पलंगावरून कुणी मागे आलं नाही. त्याला वाटलं, लाजेनं उठत नसेल.

तिथून तो जोडीदाराच्या बायकोकडे गेला. चार वर्षं ती नवऱ्याच्या फोटोला रोज एकच बोल लावायची, की पट्टा घालायला तुमचं काय जात होतं. खारीनं सगळं सांगितलं. तिनं पट्टा जवळ घेतला आणि म्हणाली, "म्हणजे मी यांना उगाच बोलत होते." पुढं चौकशी झाली, तिला तिचं मिळालं. ते सगळं रीतसर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते त्याच दिवशी दुपारचं. वहिनीचा खारीला फोन आला की तुझा दादा उठतच नाहीये, पाय बधिर झालेत म्हणतो. खारीला जायचं नव्हतं. पण वहिनीनं बोलावल्यावर गेला, आणि पहारा संपवून मीही गेलो. दवाखान्यात दादाला टेबलावर निजवलं होतं. डॉक्टरांनी चादर बाजूला केली.

दोन्ही मांड्यांत दोन निळे-काळे वळ होते, पुढून मागे गेलेले, चार बोटं रुंद. काखेखालून तसेच दोन.

दादा चार वर्षांत स्टुलावरसुद्धा चढला नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, हे किती तास लटकत होते? वहिनी म्हणाली, लटकत कुठले, रात्री साडेनऊला माझ्या शेजारी झोपले, ते पहाटे दार वाजलं तेव्हा डोळे उघडले. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग वळावर बोट दाबलं. बोट उचललं, तरी तिथला निळा रंग जराही फिका झाला नव्हता.

दादा आता काठी घेऊन चालतो. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. आणि ते वळ... मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो. वहिनी त्याच्या पायांना तेल लावत होती.

अजून तसेच आहेत.