मौनरेणू

सकाळी ड्रोनची घरघर ऐकू आली, की भोकरमाळातल्या बायका अंगणातले पापड उचलून घरात नेत. माळावरच्या महोगनीवर फवारणी सुरू झालेली असे. त्या फवाऱ्यात विष नव्हतं, खतही नव्हतं. होता मौनरेणू: झाडाच्या पेशीत शिरून फुलण्याचा जनुक तेवढा गप्प करणारा. फुलं नाहीत म्हणजे फळं नाहीत. मुठीएवढी लाकडी बोंडं आणि त्यांतल्या पंखवाल्या बिया घडवण्यात जाणारी ताकद सगळी खोडात उतरायची. लालसर, सरळ, महागडं लाकूड निम्म्या काळात तयार.

तालुक्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शर्वरी डोईफोडेला हे ठाऊक होतं. तिची त्याला हरकतही नव्हती. पण त्या ज्येष्ठात शेजारच्या अंजनाबाई रिकामी पाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. निंबोळ्या वेचून घाण्यावर विकणाऱ्या बायकांच्या त्या म्होरक्या.

"बाई, औंदा निंबाला एक निंबोळी न्हाई. मोहोरच आला न्हवता. आन् झाडं बगा, कशी हिरवीगार!"

शर्वरीने फांदी आणली. पानांच्या बगलेत, जिथून चैत्रात पांढऱ्या फुलांचे तुरे लोंबायला हवे होते, तिथे इवल्याइवल्या पानांचे गुच्छ होते. भिंगातून तिने ते एकेक करून तपासले. कडुनिंब आणि महोगनी एकाच कुळातली, चुलत भावंडंच; फुलण्याचा जनुकही जवळपास सारखा, आणि फवारा वाऱ्यावर गावापर्यंत येत होता. एकाचं तोंड दाबणारा हात दुसऱ्याच्याही तोंडावर बसला होता.

ती तडक लागवड कंपनीच्या कचेरीत गेली. तिथले व्यवस्थापक केळुसकर शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा निंब वाळलाय का?"

"फुलला नाही."

"मग नुकसान कसलं? चाचण्या नियमाप्रमाणे झाल्यात. पान, खोड, मूळ, सगळं ठणठणीत. न उमललेलं फूल मोजायला नियमात जागाच नाही."

"फक्त महोगनीलाच ओळखेल असा रेणू करता आला असता!"

"आला असता. वेळ लागला असता." केळुसकर हसले. "काळजी करू नका. पुढच्या हंगामात आमचा उतारा बाजारात येतोय. दरवर्षी एक फवारा मारला की निंब फुलेल."

शर्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे आधी झाडाचं फुलणं पळवायचं, आणि मग तेच आम्हाला विकायचं?"

"नाही घेतलंत, तरी झाड हिरवंच दिसेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, ड्रोन जिथून उडत त्या ओट्यावर अंजनाबाई आणि गावच्या बायका फतकल मारून बसल्या. शर्वरीही बसली. कंपनीने बोलावलेल्या फौजदाराने टोपी काढून घाम पुसला. "बाई, एक झाड तुटलेलं नाही. तक्रार कसली लिहू?"

"लेकीची कूस कुनी इचारल्याबिगर बंद केली," अंजनाबाई कडाडल्या, "आन् वर म्हनला, धडधाकट तर हाय, तर काय लिवाल सायेब?"

फौजदाराने वही उघडली. ड्रोन त्या दिवशी उडाले नाहीत. आठवडाभराने जिल्ह्यातली फवारणी चौकशी होईपर्यंत थांबली.

बायकांनी पेढे वाटले. शर्वरीने पेढा तोंडात टाकला, तेवढ्यात घाटमाथ्यावरच्या तिच्या मैत्रिणीचा फोन आला. तिकडेही घाटाखाली महोगनी लावली होती, तिच्यावर तोच फवारा मारला होता. रानातला तूण, महोगनीचाच नातलग, यंदा फुललाच नव्हता. तिथे निंबोळ्या वेचणारं कुणी नव्हतं, ओट्यावर बसणारंही कुणी नव्हतं. एवढ्या हिरव्यागार रानात काय नाहीसं झालंय, हे कुणाच्या लक्षात येणार होतं?